माती तेवढी राहू द्या

मा. क्रीडामंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई
यांस,



मी मूळची साताऱ्याची. नोकरीच्या निमित्ताने बारा वर्षांपूर्वी म्हैसूरला आले आणि इथलीच होऊन गेले. वय सत्तेचाळीस. लांब पल्ल्याचं धावते. पदकाशी माझा कधी संबंध आला नाही, पण आठवड्यातले पाच दिवस पहाटे मी पळत असते आणि त्या तासाभराने मला जे दिलं ते दुसऱ्या कशाने दिलेलं नाही. पत्र म्हैसूरहून लिहिते आहे, विषय मात्र महाराष्ट्राचा आहे आणि आपल्या खात्याचा आहे. तो माझ्या एकटीचा नाही, म्हणून जाहीर लिहिते.

गेल्या दिवाळीत माहेरी गेले होते. पळायची सवय सुटत नाही, म्हणून पहाटे साडेपाचला बाहेर पडले आणि गावाबाहेरच्या हमरस्त्याला लागले. अजून अंधार होता. पुढे रस्त्याच्या कडेची पांढरी पट्टी धरून दहा-बारा पोरं आणि चार पोरी पळत होत्या. सगळ्यात मागच्या मुलाने हातात मोबाइलची बॅटरी लावून धरली होती, मागून येणाऱ्या गाडीला दिसावं म्हणून. गळिताचा हंगाम नुकताच सुरू झाला होता. उसाचा ट्रॅक्टर आला की सगळी रांग बाजूच्या खडीत उतरायची, दोन्ही ट्रॉल्या निघून गेल्या की पुन्हा डांबरावर यायची. मी थोडा वेळ त्यांच्याबरोबर पळाले. सगळी पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं. एका मुलीने डाव्या नडगीला क्रेप बँडेज गुंडाळलं होतं आणि ती पाय किंचित ओढत होती.

“शिन पेन आहे मावशी,” ती म्हणाली. “डांबरावर पळून पळून भरतंय.”

मातीवर का पळत नाही, असं मी विचारलं.

“माती कुठंय? मैदानाला कुलूप असतंय. आठला उघडतंय. आठला मला कामावर जायचं असतंय.”

त्या मुलीचं नाव मी विचारलं नाही. पण तिची ती नडगी गेले कित्येक महिने माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. शिपाई पदाच्या मैदानी चाचणीला ५० गुण असतात, त्यातले २० पळण्याचे, हे आपल्याला ठाऊकच आहे. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर. पाच मिनिटं दहा सेकंदांत सोळाशे काढलं की मुलाला पैकीच्या पैकी गुण. अंतर मैदानाच्या चार फेऱ्यांचं. पण त्या चार फेऱ्यांसाठी लागणारा दम चार फेऱ्या मारून येत नाही. तो महिनोन् महिने, सावकाश आणि लांब पळून येतो. आणि लांब पळायला जागा लागते. ती जागा महाराष्ट्रातल्या बहुतेक तालुक्यांत आज एकच आहे, हमरस्त्याची कड. पहाटे सरावाला गेलेल्या पोराला गाडीने उडवल्याची बातमी आपण सगळ्यांनीच वर्तमानपत्रात वाचली आहे, आणि एकदाच वाचलेली नाही.

आता मी जिथे पळते ती जागा सांगते.

म्हैसूरच्या पश्चिम अंगाला कुक्करहळ्ळी केरे आहे. केरे म्हणजे तळं. मुम्मडी कृष्णराज वडियारांनी १८६४ साली शेतीला पाणी मिळावं म्हणून हे तळं बांधून घेतलं. पुढे शहर त्याच्याभोवती वाढलं, शेती गेली, तळं राहिलं. आज ते म्हैसूर विद्यापीठाच्या ताब्यात आहे, विद्यापीठाच्या मानसगंगोत्री या परिसराला अगदी लागून. तळ्याला वळसा घालणारी एक वाट आहे. माझ्या घड्याळात तिची एक फेरी चार किलोमीटरच्या आसपास भरते. कुवेंपू इथे फिरायचे, आर. के. नारायण फिरायचे. कन्नड माणसाला तळ्याचं नाव घेतलं की हे दोघे लेखक आठवतात. मला आठवतो तो पायाखालचा आवाज.

फाटकातून आत शिरलं की पहिल्या दोनशे पावलांत तो आवाज बदलतो. बाहेरच्या रस्त्यावर बूट चट्चट् वाजत असतात. आत आल्यावर तो आवाज खाली जातो आणि मग जवळजवळ नाहीसा होतो. बांधावरची माती टणक आहे, दाबून बसलेली, तिथे पाय मोकळा सुटतो. पुढे झाडी दाट होते. बांबूची बेटं वाटेवर झुकलेली, खाली वर्षानुवर्षांच्या पानांचा कुजून झालेला थर. एका वळणावर एका जुन्या झाडाची तीन मुळं वाट आडवी कापून जातात, मनगटाएवढी जाड, लोकांच्या पावलांनी वरून गुळगुळीत झालेली. सुरुवातीला मला ती अडथळा वाटायची. आता त्या जागेच्या पाच पावलं अलीकडेच माझं पाऊल आपोआप आखूड होतं, गुडघा थोडा वर उचलला जातो, आणि मी न पाहता त्या तिन्ही मुळांवरून निघून जाते. उजव्या हाताला पाणी. झोळीवाले पेलिकन, चित्रबलाक आणि पाणकावळे पहाटे अजून झाडांवरच बसलेले असतात. पावसाळ्यात बुटाला चिखलाचा थर चढतो आणि पाय जड होतो. अशा दिवशी वेग विसरायचा आणि नुसतं तोल सांभाळत पळायचं.

पहिल्या वर्षी मी तिथे जीव तोडून पळायचे. एक वयस्कर गृहस्थ रोज उलट्या दिशेने चालत यायचे. माझी धाप ऐकून एक दिवस ते थांबले आणि म्हणाले, “निधानवागि ओडि, अम्मा.” सावकाश पळा. कन्नडमधलं ‘निधान’ म्हणजे धीमेपणा, घाई नसणं. त्यांनी आयुष्यात कधी शर्यत पळली नसावी. पण लांब पल्ल्याच्या सरावातली सगळ्यात अवघड गोष्ट त्यांनी एका शब्दात सांगितली होती. आठवड्याच्या एकूण धावण्यातलं बरंचसं धावणं शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल इतक्या वेगाने करायचं असतं. हृदय, रक्तवाहिन्या, स्नायूंमधली ऊर्जा तयार करणारी यंत्रणा यांची वाढ त्या सावकाश तासांत होते. रस्त्यावर हे जमत नाही. रस्त्यावर माणूस घड्याळाशी पळतो, पुढच्याशी पळतो, मागून येणाऱ्या हॉर्नपासून पळतो. मुळं आणि वळणं असलेली वाट तुम्हाला हळू करते आणि हळू पळण्याची लाजही वाटू देत नाही.

मला हे उशिरा कळलं. माझी पहिली अर्धमॅरेथॉन साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन, यवतेश्वरच्या घाटाची. तिचा अभिमान मला आजही आहे. पण तिच्यासाठी आणि तिच्यानंतर दोन वर्षं मी फक्त डांबर आणि काँक्रीट तुडवलं. शेवटी नडगीच्या हाडाला बारीक चीर गेली. दहा आठवडे पळणं बंद. त्या दहा आठवड्यांनंतर पहिल्यांदा मी तळ्याच्या वाटेवर आले, ती कायमची. आता आठवड्यातला लांबचा सराव म्हणजे तळ्याला पाच फेऱ्या. एक दिवस मध्येच वेग वाढवायचा, बांबूच्या बेटापासून बांधापर्यंत, आणि पुन्हा सोडून द्यायचा. आणि एक दिवस म्हैसूरच्या चामुंडी टेकडीच्या पायऱ्या. हजाराच्या वर आहेत त्या, सतराव्या शतकात दोड्ड देवराज वडियारांच्या काळात बांधलेल्या. वाटेत तो प्रचंड काळा नंदी लागतो. वर चढताना पळायचं तेवढं पळायचं, उतरताना चालायचं, गुडघे सांभाळायचे. वर्षातून एकदा श्रीरंगपट्टणजवळ रंगनतिट्टूच्या बाजूला कावेरी ट्रेल मॅरेथॉन होते, कालव्याच्या काठाकाठाने, मातीच्या रस्त्यावरून. आमचं सगळं वर्ष तिच्याकडे बघत जातं.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. माती मऊ असते म्हणून दुखापत होत नाही, असं सरसकट म्हणायला शास्त्राचा आधार नाही. पळताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट भार पायावर येतो, आणि जमीन कशी आहे त्याप्रमाणे आपलं शरीर पायाचा ताठरपणा आपोआप कमी-जास्त करून तो भार बराचसा सारखा राखतं. मातीचा गुण मला दुसरीकडे दिसतो. तासाभरात माणूस साधारण दहा हजार पावलं टाकतो. सपाट काँक्रीटवर ही दहा हजार पावलं अगदी एकसारखी पडतात, त्याच हाडावर, त्याच स्नायूवर, त्याच कोनातून. झाडीतल्या वाटेवर दोन पावलं सारखी नसतात. कधी टाच आधी टेकते, कधी चवडा. घोटा आत-बाहेर वळतो, पोटरी, मांड्या आणि कंबर सगळी कामाला लागतात. भार वाटला जातो. शिवाय सावली. झाडाखाली सकाळी आठला पळता येतं, उघड्या रस्त्यावर एप्रिल-मे मध्ये सातलाच जीव घाबरा होतो. आणि सगळ्यात साधा मुद्दा, मागून ट्रक येत नाही.

हे मी शोधून काढलेलं नाही. स्वीडनमध्ये १९३०च्या दशकात योस्टा होल्मेर नावाच्या प्रशिक्षकाने फार्टलेक ही सरावाची पद्धत बसवली. शब्दाचा अर्थ वेगाचा खेळ. कधी जोरात, कधी सावकाश, मनाला येईल तसं, मैदान सोडून रानातल्या वाटांवर. तशाच रानांतून सराव करणाऱ्या गुंडर हेगने १९४२च्या एका उन्हाळ्यात वेगवेगळ्या अंतरांचे मिळून दहा विश्वविक्रम केले. अदिस अबाबाच्या डोक्यावर एंटोटोचा डोंगर आहे. इथिओपियाचे धावपटू तिथल्या निलगिरीच्या जंगलात झाडांमधून नागमोडी पळत असतात. केनियात इतेनची लाल मातीची वाट आज जगभरच्या धावपटूंना माहीत आहे.

पण मला आपल्याला सांगावीशी वाटते ती गोष्ट अमेरिकेतल्या यूजीन या गावाची. स्टीव्ह प्रीफाँटेन हा तिथला धावपटू, १९७२च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये ५००० मीटरमध्ये चौथा आलेला. युरोपात शर्यतींना जाताना त्याने तिथल्या उद्यानांतल्या मऊ वाटा पाहिल्या, लाकडाच्या भुश्शाच्या, झाडांमधून जाणाऱ्या. परत येऊन त्याने आपल्या गावच्या अधिकाऱ्यांकडे आग्रह धरला की इथेही अशी वाट करा. मे १९७५ मध्ये मोटार अपघातात तो गेला, चोवीस वर्षांचा असताना. त्याच वर्षी ती वाट तयार झाली. तिथल्या अल्टन बेकर पार्कमधली सुमारे सहा किलोमीटरची ती भुश्शाची वाट पन्नास वर्षं झाली तरी वापरात आहे आणि त्याच्याच नावाने ओळखली जाते. एका खेळाडूने मागितलं आणि गावाने दिलं. स्टेडियम नव्हे, वाट.

आणि आपली माणसं? अविनाश साबळे बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा. शाळेसाठी रोज कित्येक किलोमीटर पायपीट केलेला. लष्करात गेल्यावर तो आधी क्रॉस कंट्री पळला, शेतवाटा आणि माळरानावरून, आणि मग स्टीपलचेजकडे वळला. २०२२ साली बर्मिंगहॅमला राष्ट्रकुल स्पर्धेत ८ मिनिटं ११.२० सेकंदांत त्याने रौप्य मिळवलं, केनियाच्या विजेत्यापेक्षा एका सेकंदाच्या विसाव्या भागाने मागे. पुढच्या वर्षी हांगझोऊला आशियाई सुवर्ण. ललिता बाबर आमच्याच जिल्ह्यातली, माण तालुक्यातल्या मोहीची. रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेजच्या अंतिम फेरीत पोचली आणि दहावी आली. ट्रॅकवरच्या शर्यतीत ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठणारी १९८४च्या पी. टी. उषांनंतरची पहिली भारतीय महिला. कविता राऊत नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची, दिल्लीच्या २०१०च्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्य. या तिघांचं बालपण कुठल्या सिंथेटिक ट्रॅकवर गेलेलं नाही. पायवाटेवर गेलं आहे. आपण त्यांचे सत्कार केले, ते योग्यच केलं. पण ज्या वाटेने त्यांना घडवलं ती वाट आपल्या खात्याच्या कुठल्याच यादीत खेळाची सुविधा म्हणून नोंदलेली नाही.

महाराष्ट्रात तालुका, जिल्हा आणि विभाग पातळीवर क्रीडा संकुलं उभी राहिली आहेत. त्यांना माझा विरोध नाही. गोळाफेकीला, कबड्डीला, शंभर मीटरला मैदान हवंच. पण संकुल म्हटलं की चारशे मीटरचं वर्तुळ, एक हॉल, भिंत आणि फाटक एवढंच डोळ्यांपुढे येतं. चारशे मीटरच्या वर्तुळात दहा किलोमीटर पळायचे तर पंचवीस फेऱ्या होतात, सतत एकाच बाजूला वळत. त्याने कंबर आणि घोटा एका अंगाला ओढला जातो आणि मन तर त्याच्या आधीच कंटाळतं. संकुलाच्या कुंपणाच्या आतून किंवा बाहेरून, गावाच्या तळ्याकाठाने, वनखात्याच्या रोपवाटिकेतून, गायरानाच्या कडेने दोन-तीन किलोमीटरची मातीची वाट आखणं हे कुणाला काम वाटत नाही, कारण त्यात बांधकाम नाही.

आणि जिथे अशी वाट आपोआप आहे तिथे आपण ती पुसायला निघतो. पुण्यातल्या वेताळ टेकडीवर मी शिकत असताना चढले आहे. पंचवटीकडून, गोखलेनगरकडून, लॉ कॉलेजच्या मागून, अशा कितीतरी पायवाटा वर जातात आणि वेताळाच्या देवळापाशी एकत्र येतात. पहाटे तिथे मोर ओरडतात. पुण्याचे किती धावपटू त्या टेकडीने, हनुमान टेकडीने आणि तळजाईने तयार केले असतील, ते पुण्याच्या धावपटूंनाच विचारावं. त्या वेताळ टेकडीच्या अंगावरून बालभारती ते पौड फाटा हा सुमारे दोन किलोमीटरचा रस्ता आणि टेकडीच्या पोटातून बोगदे असा आराखडा आहे. एप्रिल २०२३ मध्ये पुणेकर त्याविरुद्ध रस्त्यावर उतरले. या वादात वाहतुकीचे तज्ज्ञ बोलले, पर्यावरणवाले बोलले, भूजलाचे अभ्यासक बोलले. क्रीडा खातं बोललेलं माझ्या वाचनात आलं नाही. एखाद्या शहरातलं स्टेडियम पाडायचं ठरलं असतं तर आपलं खातं गप्प राहिलं असतं का?

टेकडी कापली की काय होतं ते आम्ही इथे म्हैसूरला पाहिलं आहे. २०२१च्या पावसाळ्याच्या शेवटी चामुंडीवर नंदीकडे जाणारा रस्ता खचला आणि पुढेही खचत राहिला. २०२२ साली त्याच टेकडीवर रोपवे करायची घोषणा झाली, तेव्हा म्हैसूरकरांनी एकमुखाने नको म्हटलं आणि तो प्रस्ताव त्या वेळी बाजूला ठेवावा लागला. विरोध करणाऱ्यांत भाविक होते, वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते, आणि आम्ही पायऱ्या चढणारेही होतो.

मोठे प्रकल्प निदान बातमीत येतात. माझी जास्त भीती वेगळी आहे, सुशोभीकरणाची. मी एका गावात पाहिलं आहे. गावाचं नाव घेत नाही, तिथे माझे आप्त राहतात. नदीकाठी करंज आणि कडुनिंबाखालून जाणारी मातीची सुंदर वाट होती. सकाळी शंभर-दीडशे माणसं तिथे चालायची, पळायची. निधी आला. वाटेवर पेव्हर ब्लॉक बसले, दोन्ही बाजूंना काँक्रीटचे कठडे आले, झाडांच्या बुंध्यांभोवती सिमेंटचे ओटे झाले, आणि जागा कमी पडते म्हणून काही झाडं गेली. दोन पावसाळ्यांत ब्लॉक उचकटले. उरलेल्या झाडांची मुळं खालून वर यायला लागली. आता तिथे पळताना खाली बघून पळावं लागतं, कारण अर्धा इंच वर आलेला ब्लॉक मुळासारखा दिसत नाही, तो थेट पाडतो. तिथली पळणारी मुलं हमरस्त्यावर गेली. पैसे खर्च झाले आणि सुविधा गेली.

मातीच्या वाटेला देखभाल लागत नाही असं मी म्हणत नाही. पाणी साचतं तिथे बाजूला चर काढावा लागतो, उताराला वाहून गेलेला मुरूम दरवर्षी पुन्हा टाकून दाबावा लागतो, वाढलेलं गवत कापावं लागतं, कारण पहाटे सापाचं भय असतं. पण ही सगळी कामं गावातली माणसं फावड्या-टोपल्याने करू शकतात. रोजगार हमीची परंपरा ज्या राज्यात सुरू झाली त्या राज्याला हे सांगायला नको.

आणि आता बाईमाणूस म्हणून एक गोष्ट. झाडीतली वाट म्हटली की आई-वडिलांच्या पोटात गोळा येतो. मुलीला एकटीला पाठवायचं कसं? ही भीती खरी आहे आणि तिला उत्तर दिल्याशिवाय बाकी सगळं बोलणं फोल आहे. मी अकरा वर्षं कुक्करहळ्ळीला बहुतेक दिवस एकटीच पळते. मला भीती वाटत नाही, कारण तिथे माणसं असतात. पेन्शनर असतात, विद्यापीठातली मुलं-मुली असतात, पक्षी बघणारे असतात, प्राणायाम करणाऱ्या बायका असतात. वाट गोल आहे, म्हणजे पुढे गेलेला माणूस पुन्हा भेटतो. वाटेला यायची-जायची ठिकाणं ठरलेली आहेत. हे सगळं जमवता येतं. पेव्हर ब्लॉकला जे पैसे जातात त्यातून दोन पहारेकरी ठेवा, शक्यतो त्यातली एक बाई. फाटकाजवळ स्वच्छ शौचालय ठेवा. पिण्याच्या पाण्याचा नळ ठेवा. दर पाचशे मीटरवर एक दगड रोवा, अंतर लिहिलेला, म्हणजे भरतीच्या मुलांना सोळाशे मोजायला महागडं घड्याळ लागणार नाही. फाटक पहाटे पाचला उघडा, आठला नव्हे.

म्हणून माझं मागणं साधं आहे, साहेब. क्रीडा संकुलांच्या निकषांत झाडीतल्या, मातीच्या धावण्याच्या वाटेला एक ओळ द्या. चारशे मीटरच्या ट्रॅकइतकाच तिला सुविधेचा दर्जा द्या, म्हणजे जिल्हा क्रीडा अधिकाऱ्याला तिच्यासाठी निधी मागता येईल आणि ती तोडायला निघालेल्याला विचारावं लागेल. नवीन जमीन लागणार नाही. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाचा विस्तीर्ण परिसर आहे, तिथे लोक आजही पळतात. कृषी विद्यापीठं आहेत, साखर कारखान्यांच्या जमिनी आहेत, पाझर तलावांचे बांध आहेत, पाटबंधारे खात्याच्या कालव्यांकाठचे रस्ते आहेत. कावेरीच्या कालव्याकाठी मॅरेथॉन होऊ शकते, तर नीरेच्या किंवा कृष्णेच्या कालव्याकाठी तालुक्याची पोरं पळू शकतात. त्यासाठी दोन-तीन खात्यांनी एकत्र बसावं लागेल, आणि ते बसवण्याचा अधिकार आपल्याकडे आहे. वनखातं आणि महापालिका टेकड्यांबद्दल निर्णय घेतात तेव्हा त्या टेबलावर आपल्या खात्याचीही एक खुर्ची असू द्या. पुण्याच्या टेकड्यांपासून सुरुवात करा.

निर्णय घेण्याआधी एकच करा. कुठल्याही तालुक्याच्या गावी मुक्काम असेल तेव्हा पहाटे साडेपाचला, ताफा आणि बातमीदार मागे ठेवून, गावाबाहेरच्या हमरस्त्याच्या कडेला दहा मिनिटं उभे राहा. पोरं येतील, पोरीही येतील. त्यांना थांबवू नका, लय मोडते. दोनशे पावलं त्यांच्याबरोबर चाला आणि त्यांच्या नडग्यांकडे बघा.



आपली,
एक धावणारी सातारकर,
म्हैसूर